हनुवंतियाचा ‘समुद्र’ मे महिन्यात जातो कुठे?

इंदूर : मुंबईचा समुद्र इंदूरपासून पाचशे किलोमीटरहून लांब. म्हणून मध्य प्रदेश सरकारने घरचाच समुद्र दाखवायचे ठरवले. खंडवा जिल्ह्यात इंदिरा सागर धरणाच्या काठी हनुवंतिया येथे फेब्रुवारी २०१६ मध्ये क्रूझवर मंत्रिमंडळाची बैठक झाली, त्याच महिन्यात पहिला जल महोत्सव भरला. तंबूंचे शहर, बोटी, पाण्यावरचे खेळ. ‘मध्य प्रदेशचा गोवा’ म्हणून जाहिरातीही झाल्या. पण गोव्यासारखा बारमाही धंदा काही उभा राहिला नाही.

पहिली अडचण रस्त्याची. इंदूरहून हनुवंतिया सुमारे दीडशे किलोमीटर, म्हणजे शनिवार-रविवारच्या सहलीचे अंतर. वाट मात्र इंदूर-इच्छापूर महामार्गाची. हाच रस्ता पुढे बुऱ्हाणपूरमार्गे मुक्ताईनगरकडे उतरतो, त्यामुळे खानदेशातल्या वाचकांना त्याचे हाल वेगळे सांगायला नकोत. चौपदरीकरण तुकड्यातुकड्यांनी होत आले, भेरूघाटातली कोंडी तर रोजचीच. सप्टेंबर २०२३ च्या पुरात मोरटक्क्याचा नर्मदेवरचा जुना पूल बंद ठेवावा लागला आणि इंदूर-खंडवा वाहतूक लांबच्या फेऱ्याने गेली. रेल्वेचे तेच. महूहून घाट उतरून ओंकारेश्वरकडे जाणारी मीटरगेज लाइन ब्रॉडगेजसाठी २०२३ मध्ये बंद झाली. भुसावळकडचे लोक त्या मानाने सुखी, खंडव्यापर्यंत थेट गाडी मिळते. पण तिथून पुढचे पन्नासेक किलोमीटर बहुतेकांना खासगी गाडीच करावी लागते, आणि चार माणसांच्या कुटुंबाचा हिशेब तिथेच बिघडतो.

रस्ता आज ना उद्या होईल. खरा पेच पाण्याचा आहे, आणि त्यावर फारसे कोणी बोलत नाही.

इंदिरा सागरची पूर्ण पातळी २६२.१३ मीटर, तर वापराची किमान पातळी २४३.२३ मीटर. फरक जवळजवळ १९ मीटर, म्हणजे सहा मजली इमारतीएवढा. पाणी दरवर्षी अगदी तळाला जाते असे नाही, पण पावसाळ्यानंतर भरलेले धरण उन्हाळ्यापर्यंत उतरत जातेच. काठ उताराचा असल्याने थोडी पातळी घटली तरी पाणी बरेच आत सरकते. डिसेंबरात जिथून बोट सुटते तिथे मे महिन्यात भेगाळलेला गाळ. शाळांना सुट्टी असते नेमकी तेव्हा, आणि निमाडात पारा चाळिशीच्या वर.

ही पातळी पर्यटन खाते ठरवत नाही. धरण १,००० मेगावॅट विजेसाठी आणि सिंचनासाठी आहे. शिवाय १९७९ च्या नर्मदा जलविवाद लवादाच्या निवाड्याप्रमाणे खाली सरदार सरोवरासाठी पाणी सोडावे लागते. पर्यटक या रांगेत शेवटचा. कोकणात मुंबई-गोवा महामार्ग २०११ पासून रखडला तरी तारकर्लीचा समुद्र जागेवर असतो. इथे रस्ता झाला तरी समुद्र जागेवर असेल याची हमी नाही.

म्हणूनच इथे भांडवल पक्के होत नाही. तीन-चार महिन्यांच्या कमाईवर बारा महिन्यांचे व्याज कोण भरणार? त्यापेक्षा तंबू परवडतात, हंगाम संपला की गुंडाळता येतात. पण तंबूबरोबर रोजगारही गुंडाळला जातो. याच धरणात २००४ मध्ये हरसूद बुडाले, सुमारे अडीचशे गावांना झळ बसली. त्या लोकांना पाण्यावरच रोजगार मिळेल ही आशा पर्यटनाने दाखवली होती. हंगामी वाढप्याचे किंवा बोटीवरच्या पोऱ्याचे काम म्हणजे ती आशा पुरी झाली असे कसे म्हणायचे?

उपाय अगदीच नाहीत असे नाही. पातळीबरोबर खाली-वर होणारे तरंगते धक्के आणि उतरत्या काठापर्यंत जाणारा पक्का उतार, एवढे केले तरी हंगाम मार्चअखेरपर्यंत ताणता येईल. धरण चालवणाऱ्या एनएचडीसीने पातळीचा महिनावार अंदाज हंगामाआधी दिला, तर बोटवाले आणि हॉटेलवाले त्याप्रमाणे बुकिंग घेतील. यासाठी पर्यटन खाते आणि धरणवाले एका टेबलावर बसायला हवेत.

जळगाव-बुऱ्हाणपूरकडून जाणाऱ्यांनी तूर्त डिसेंबर-जानेवारीच धरावा. मे महिन्याच्या सुट्टीत जायचे असेल, तर धरणात पाणी किती उरले आहे हे आधी विचारून मगच पैसे भरावेत.