०.४५ मोठं की ०.५?

आमच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया होतंय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी सुमारे २६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि मोजायचं काय, तर प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या हिश्शाहूनही लहान हालचाल! छानच.

त्याच तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर असलेल्या ताईकडे दिवाळीत गेलो होतो. समोर सहावीच्या वह्या. ०.४५ आणि ०.५ पैकी मोठं कोण? निम्म्याहून जास्त वह्यांत उत्तर ०.४५. मी शहाणपणा पाजळला, "पोरांचं लक्ष नसतं गं."

"लक्ष नसतं तर ज्याचं त्याचं वेगळं चुकलं असतं ना रे. सगळे सारखंच कसे चुकतात?"

च्यायला! हे मला कळायला हवं होतं. दर वेळी तसाच येणारा बग म्हणजे त्यामागे लॉजिक असतं. पोरं पंचेचाळीस आणि पाच वाचतात. पूर्ण संख्यांत 'अंक जास्त ती संख्या मोठी' हा नियम कायम चालला, तोच त्यांनी प्रामाणिकपणे इथे लावला. त्यावर लाल फुली मारून "दहा वेळा लिही" म्हणणं म्हणजे बग तसाच ठेवून मशीन रिस्टार्ट करणं.

फराळाला शेजारच्या गावचे एक सर आले. वह्या बघून म्हणाले, "आमच्याकडं बी हेच." मग चिवडा बाजूला राहिला. शंभर घरांची चौकट काढायची, पाच पट्टे रंगवायचे, पन्नास घरं भरतात हे पोरांनीच मोजायचं, असं दोघांनी ठरवलं. वीस मिनिटं लागली. इतकी वर्षं शेजारी असून हे बोलणं पहिल्यांदा झालं!

का? अशा शाळेत गणिताला शिक्षक एकच. विचारणार कोणाला? कागदावर सोय आहे. केंद्रातल्या शाळांची दरमहा शिक्षण परिषद असते. पण ताईच्या अनुभवात तिथला वेळ परिपत्रकं आणि माहितीचे तक्ते खातात.

शहरातले आपणही कमी नाही. 'पंचवीस' ऐकून मूल ५२ लिहितं, कारण बोलताना पाच आधी येतात. २०१९ मध्ये मंगला नारळीकरांच्या समितीने बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात जुन्या वाचनाच्या जोडीला 'वीस पाच' दिलं. विधानसभेत विनोद झाले, चॅनेलवर मराठी बुडाली. उपाय पटला नाही, ठीक. पण मूल ५२ का लिहितं, हे विचारलं किती जणांनी?

माझं म्हणणं साधं आहे. परिषदेचा निम्मा वेळ चुकलेल्या उत्तरांना द्या. प्रत्येकाने तीन वह्या आणाव्यात, मुलांची नावं झाकून. प्रश्न एकच: पोराच्या डोक्यात काय चाललं होतं? मग मिळून एक तास आखा. एकाने शिकवायचं, बाकीच्यांनी मुलांकडे बघायचं. जपानी शिक्षक शंभराहून जास्त वर्षं हेच करतात, 'जुग्यो केन्क्यू' म्हणतात. आपल्या भाषेत कोड रिव्ह्यू.

"शिक्षकांना कामं काय कमी आहेत?" अगदी! म्हणून आधी तक्ते काढा. आणि या वह्या साहेबांच्या शेऱ्यासाठी नाहीत, हे लेखी द्या. नाहीतर सगळे फक्त बरोबर गणितंच घेऊन येतील.

प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्शाला २६०० कोटी जरूर द्या. एका दशांशासाठी महिन्यातले दोन तास मागतोय, बस.