चुकाऱ्याची जोखीम कुणाची?

दसरा सरला की कापसाच्या गाड्या जिनिंगच्या फाटकावर लागतात. गाडी भरताना सारे घर राबते. चुकाऱ्याची पिशवी घेऊन अंधारात परतताना कास्तकार एकटा असतो. वीस क्विंटल कापूस सात हजार भावाने गेला तर १ लाख ४० हजार झाले, म्हणजे पाचशेच्या २८० नोटा. वर्षाचे सारे पीक एस.टी.च्या गर्दीतून नाहीतर मोटारसायकलच्या डिकीतून घरी येते. पावसाची, बोंडअळीची, काट्यावरच्या कटतीची जोखीम आपलीच. माल व्यापाऱ्याच्या ढिगात पडल्यावर पैशाची जोखीमही आपणच का वाहायची?

शहाणे लोक सांगतात, पैसे खात्यात घ्या. बरोबर आहे. पण कास्तकार खात्याला का भितो, हे त्यांनी कधी विचारले आहे? थकलेल्या पीककर्जाच्या बँकेत रक्कम आली की ती अडकते, आणि वेचणीच्या बायांना मजुरी द्यायला दमडी उरत नाही. हे भय खोटे नाही. म्हणून आम्ही सांगतो, ज्या बँकेचे कर्ज नाही तिथे दुसरे बचत खाते काढा आणि व्यापाऱ्याला तेच द्या. सीसीआयचा पैसा आधारला जोडलेल्या खात्यात जातो. तेव्हा आधार कोणत्या बँकेला जोडले आहे ते नोंदणीआधीच पाहून घ्या. कर्ज बुडवा असे आम्ही म्हणत नाही. आधी मजुरी, मग बँक, एवढेच म्हणतो.

रोख घ्यावी ती मजुरीपुरती. मुनीम घाई करतो, करू द्या. बंडल सोडून त्याच्यासमोर नोटा मोजा. पाचशेची नोट तिरपी केली की तिच्यातला हिरवा धागा निळा दिसतो. दिसला नाही तर तिथेच परत करा. बँकेत खोटी नोट निघाली तर बँक ती जप्त करते, बदल्यात पैसा देत नाही. एका भरण्यात पाच किंवा जास्त निघाल्या तर प्रकरण पोलिसात जाते. त्या वेळी हातात हिशेबपट्टी नसेल तर नोटा व्यापाऱ्याने दिल्या हे कोण मानणार? आणखी एक. २०१७ पासून एका माणसाकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणे कायद्याने बंद आहे. दंड तेवढ्याच रकमेचा, आणि तो देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला! एकाच सौद्याच्या दोन पट्ट्या केल्याने सुटका होत नाही.

घरी आणून ज्वारीच्या कणगीत नोटा पुरणाऱ्यांनी ८ नोव्हेंबर २०१६ आठवावा. ऐन वेचणीत पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या होत्या.

गावातले दोघे-तिघे मिळून जा. एस.टी. स्टँडवर भावाची चर्चा नको. कोणी अडवलेच तर पिशवी सोडा. घरी वाट पाहतात ती माणसाची.

बाजार समितीकडे आमचे मागणे साधे आहे : चुकारा यार्डातच, दिवे असलेल्या खिडकीवर, दिवस मावळण्याआधी. काटा उशिरा झाला तर मालकाच्या सहीची पट्टी त्याच रात्री आणि रक्कम सकाळी खात्यात. जिल्हा बैठकीला येताना आपल्या यार्डात चुकारा किती वाजता आणि कुठे मिळतो, ते लिहून आणा.