म्हातारीच्या कामाचा हिशेब कोण मांडणार?

गाडीखाली कर्ता पुरुष मेला की गावात पहिला प्रश्न येतो, मागे किती जण आहेत? सत्तरीची बाई मेली की म्हणतात, सुटली बिचारी. मैत्रिणींनो, हे ‘सुटली’ गावापुरतं राहत नाही. ते पंचनाम्यात जातं, वकिलाच्या अर्जात जातं आणि शेवटी नुकसानभरपाईच्या आकड्यात उतरतं. धंदा : काही नाही.

मी या पट्ट्यात बचत गटांबरोबर काम करते. दातिवऱ्यासारख्या किनाऱ्यावरच्या गावात हे ‘काही नाही’ म्हणजे बोंबील वाळत घालणं, जवळा निवडणं, पाटी घेऊन सफाळ्याच्या बाजाराला जाणं, पाणी, चूल आणि नातवंडं. यातलं नातवंडांचं काम सगळ्यात स्वस्त धरतात. सासू घरी मूल सांभाळते म्हणून सून सकाळची गाडी पकडून बोईसर-तारापूरच्या कारखान्यात जाऊ शकते. सासू गेली की सुनेचं काम सुटतं. (नवऱ्याचं सुटल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.) पण हा बुडालेला पगार न्यायाधिकरणासमोर कुणी मांडतच नाही. सून सहसा सासूची कायदेशीर वारस नसते, म्हणून तिचं नुकसान कुठल्याच रकान्यात बसत नाही. उलट विमा कंपनीचा वकील विचारतो, म्हातारी मुलाच्या जिवावरच जगत होती ना?

कायद्याने बाईच्या कामाचा भाव कसा केला ते पाहा. १९९४ साली मोटार वाहन कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात न कमावणाऱ्या माणसाचं उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरलं आणि गृहिणीचं नवऱ्याच्या मिळकतीच्या एक तृतीयांश. १९८९ च्या जमशेदपूरच्या आगीत गेलेल्या बायकांच्या लता वाधवा खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाची किंमत महिना ३,००० रुपये ठरवली. त्याच निकालात ६२ ते ७२ वयाच्या बायकांचं काम मात्र वर्षाला २०,००० रुपयांचं ठरलं. बासष्टीनंतर घरातलं काम कमी होतं हे कुणी पाहिलं? २०२१ साली कीर्ती खटल्यात न्यायालयाने वेळेच्या सर्वेक्षणाचा दाखला दिला. बायका घरकामाला दिवसाचे २९९ मिनिटं देतात, पुरुष ९७. हा निकाल आपल्या बाजूचा आहे, पण तो आपोआप कुणाच्या दाव्यात येऊन बसत नाही.

आता गणित करा. सरला वर्मा खटल्याच्या २००९ च्या तक्त्याप्रमाणे पासष्टीपुढच्या मृताला गुणक पाचच. म्हातारीचं काम महिना पाच हजारांचं धरलं, तर वर्षाचे साठ हजार, तिच्या स्वतःच्या खर्चाचा साधारण तिसरा हिस्सा वजा, उरले चाळीस, गुणिले पाच. दोन लाख! वर अंत्यविधी वगैरेंचे ठरीव आकडे. ठोकर देऊन पळालेल्या, न सापडलेल्या गाडीसाठीही सरकारी योजनेत २०२२ पासून दोन लाखच मिळतात. गुणक आपल्या हातात नाही. गुण्य आहे. ते पाच हजार कुणी ठरवले? कुणीच नाही, आपण काही मांडलंच नाही म्हणून ते तसे पडले.

वयाचंही तेच. आधार कार्डावर अंदाजाने टाकलेली १ जानेवारी तुमचे दोन गुणक खाऊ शकते, कारण ६१ ते ६५ ला गुणक सात आहे. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली सांगितलं आहे. शाळेचा दाखला असेल तर तो शोधा.

आणि लेकी. भाऊ म्हणतो, तू लग्न होऊन गेलीस, सही करून मोकळी हो. विवाहित मुलगीही दावा करू शकते, हे मंजुरी बेरा खटल्यात २००७ सालीच ठरलं आहे. कलम १६६ प्रमाणे अर्ज सर्व वारसांच्या भल्यासाठी असतो आणि जो वारस अर्जात नाही त्याला जाबदार म्हणून सामील करावं लागतं. बहिणीला वगळलेला अर्ज अपुरा आहे, हे भावाला ऐकवायला आपण तिच्यासोबत जायला हवं.

हुंडाबळीला आपण मोर्चा काढतो. अपघात झाला की ‘तो विम्याचा विषय’ म्हणून एजंटाच्या हवाली करतो, हे मला पटत नाही. अर्जाला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्याच्या भरवशावर बसू नका. दावा आपण राहतो त्या हद्दीतही लावता येतो. कलम १६४ खाली चूक कुणाची ते सिद्ध न करताही पाच लाख मिळतात. म्हातारीच्या दाव्यात ती रक्कम बहुधा जास्तच भरेल, मात्र ती स्वीकारली की १६६ चा दावा संपतो. त्यामुळे आधी दोन्ही आकडे कागदावर मांडा, मग सही करा.

त्या कागदासोबत बचत गटाचं रजिस्टर, बाजाराची पावती, शेजारी बसणाऱ्या मच्छीवालीचं प्रतिज्ञापत्र जोडा. सुनेचं शेवटचं पगारपत्रक जोडा, काम कोणत्या तारखेला सुटलं ते लिहा आणि तिला साक्षीला उभी करा.