साहेबांचं एक विशेषण

‘यश तुमच्याच हातात आहे’ असं सांगणारा वक्ता कंपनीनंच पैसे मोजून आणलेला असतो, हे आधी लक्षात घ्या. हिंजवडीत नोकरी करताना असले बरेच वक्ते मी ऐकले. पहाटे पाचला उठा, ध्येय भिंतीवर चिकटवा, तक्रार करू नका. सगळा खटाटोप त्या तिसऱ्या सूचनेसाठी! पुढे गेलात तर कंपनीची पुण्याई, मागे राहिलात तर तुमचा आळस.

मग येतं अप्रेझल. मॅनेजर दार लावून घेतो आणि मधाळ आवाजात म्हणतो, “काम उत्तमच आहे रे तुझं. पण सगळ्यांनाच वरचं रेटिंग देता येत नाही, कर्व्हमध्ये बसवावं लागतं. जरा व्हिजिबिलिटी वाढव.” म्हणजे टीममधले सगळे मरमर राबले तरी एक-दोघांना खाली ढकलायचंच, हे आधीच ठरलेलं. आणि व्हिजिबिलिटी वाढते ती रात्री नऊला साहेबांबरोबर टपरीवर चहा पिऊन.

सरकारी नोकरीत तरी काय वेगळं? सीमा रस्ते संघटनेतले अभियंते देव दत्त यांना बढतीसाठी मागची पाचही वर्षं ‘खूप चांगला’ शेरा हवा होता. १९९३-९४ च्या गोपनीय अहवालात साहेबांनी नुसतं ‘चांगला’ लिहिलं आणि ते त्यांना कळवलंही नाही. एका विशेषणापायी बढती हुकली. प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये बजावलं. तोवर गृहस्थ निवृत्त झाले होते. सांगा, त्यांनी पहाटे किती वाजता उठायला हवं होतं?

बायकांची तर आणखी तऱ्हा. २०१७ मध्ये मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. खासगी नोकरीतल्या बापाला मात्र कायद्यानं एक दिवसही रजा नाही. मूल तिचं, रजा तिची, मागे पडणंही तिचंच! माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण सव्वासहाला लॅपटॉप मिटायची, कारण पाळणाघरातल्या मावशी सातनंतर थांबत नसत. मूल झोपलं की ती पुन्हा लॉगिन करायची. ते कुणाला दिसलं नाही. सव्वासहाला उठणं मात्र अख्ख्या मजल्याला दिसलं. फीडबॅक आला, ‘कमिटमेंट कमी’. नऊपर्यंत बसणाऱ्यांच्या घरी दुसरं कुणीतरी पोळ्या लाटत होतं, त्याचा रकाना कुठल्याच फॉर्मात नव्हता.

वर थोरामोठ्यांची बोली चालूच. २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं; २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे ९० तास गाजले. यांच्या घरचा स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांची औषधं कोण बघतं, हे कुणी विचारलं नाही.

मेहनत लागते, कौशल्यही लागतं. ते आम्हाला शाळेपासून ठाऊक आहे. पण सारख्याच मेहनतीवर एकाला बढती आणि दुसऱ्याला शेरा मिळतो, तेव्हा निकाल मेहनतीनं लावलेला नसतो. म्हणून पुढच्या अप्रेझलवर मुकाट सही करू नका. रेटिंगचे निकष, स्वतःबद्दलची प्रत्येक नोंद आणि पाळणाघराचा पत्ता, तिन्ही लेखी मागा. ज्या कंपनीला एवढंही देता येत नाही, तिनं आम्हाला यशाचे धडे देऊ नयेत.