चिरंजिवांचा अपराध

“आमच्या चिरंजिवांनी आता खेळदेखील यंत्राकडून खेळवून घ्यावयास आरंभ केला आहे, अभ्यास कोणाकडून करवून घ्यावयाचा तेवढे ठरावयाचे राहिले आहे!” स्वारगेटला राहणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांनी गेल्या महिन्यात चहाच्या पेल्याबरोबर मला हे वाक्य ऐकविले, आणि त्यांच्या सौभाग्यवतींनी ‘आळसाची हद्द झाली’ अशी त्यास पुस्ती जोडली. चिरंजीव बारावीत आहेत. आरोपी समोरच मान खाली घालून बसलेला असल्यामुळे, घरच्या जुन्या प्राध्यापकाने दोन उपदेशपर शब्द बोलावेत अशी यजमानांची साहजिकच अपेक्षा होती. ते शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. का निघाले नाहीत, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच. कारण हा खटला एकाच घरचा नाही, आणि त्यात आरोपीपेक्षा फिर्यादीच अधिक दोषी आहे असे माझे मत झाले आहे.

प्रथम गुन्ह्याचे स्वरूप पाहू. इंटरनेट तुटले म्हणजे गूगलच्या क्रोम ब्राउझरमध्ये एक करडा डायनासोर उभा राहतो. २०१४ सालापासूनचा हा खेळ वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. डायनासोर धावत असतो, समोरून निवडुंग येत असतात, आणि नेमक्या क्षणी कळ दाबून त्यास उडी मारावयास लावावयाचे, एवढेच त्यातले कौशल्य. वेग वाढत जातो, पुढे पुढे आडवे उडत येणारे पक्ष्यांसारखे प्राणीही भेटतात, आणि आमच्यासारख्यांचा हात तीनशे गुणांच्या अलीकडेच चुकतो. या मुलाने पायथॉन भाषेत तीसएक ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली. डायनासोरच्या थोडी पुढची पडद्यावरील जागा ती अखंड न्याहाळीत राहते. तेथल्या बिंदूचा, म्हणजे पिक्सेलचा, रंग पालटून निवडुंगाचा करडा झाला की ती आपण होऊन कळ दाबते. मुलगा हात बांधून बसतो. मातोश्रींच्या दृष्टीस नेमके हे बांधलेले हात पडले.

ते हात बांधण्यापूर्वी चार संध्याकाळी काय चालले होते, हे मात्र त्यांनी कधी विचारले नाही. मी विचारले. पहिली स्क्रिप्ट तिसऱ्याच निवडुंगावर आपटली होती. संपूर्ण पडद्याचे चित्र घ्यावयास तिला सेकंदाचा सुमारे दहावा हिस्सा लागे. खेळाचे चित्र सेकंदास साठ वेळा पालटते, आणि आरंभी दर पालटास निवडुंग सहा बिंदू पुढे सरकतो. म्हणजे स्क्रिप्टच्या दोन दृष्टिक्षेपांच्या दरम्यान तो छत्तीस बिंदू चालून गेलेला असे. लहान निवडुंगाची रुंदी जेमतेम सतरा बिंदू! पहारेकऱ्याच्या दोन डुलक्यांमधून चोर निसटावा तसा तो निसटे. हे ध्यानात आल्यावर मुलाने एका बिंदूऐवजी एक अरुंद पट्टी निवडली आणि तेवढ्याच पट्टीचे चित्र घ्यावयास सुरुवात केली. मग वेग सहावरून तेरापर्यंत चढतो हे आढळले, आणि उडी उशिरा पडू लागली. तेव्हा वेगाच्या प्रमाणात नजरही पुढे सरकविणे भाग पडले. मी साहित्याचा माणूस. पण अंतर, काल व वेग यांचा परस्परसंबंध इतक्या पोटतिडकीने सांगणारा विद्यार्थी मला वर्गात क्वचितच भेटला आहे.

आणि इतके होऊन सातशे गुणांना घात झाला. सातशे झाले की या खेळात रात्र पडते. पांढरे असते ते काळे होते, आणि करडे निवडुंग फिकट दिसू लागतात. स्क्रिप्टला एकच रंग ठाऊक. तो दिसेना, म्हणून तिच्या लेखी समोर काहीच नव्हते, आणि डायनासोर सरळ जाऊन आदळला. “चुकलं कुठं ते दोन तास कळतच नव्हतं, काका,” मुलगा म्हणाला. आणि ते सांगताना त्याची मान प्रथमच वर झाली.

आता फिर्यादीकडे वळू. याच घरात, याच टेबलावर, ‘अपेक्षित प्रश्नां’चे चार संच ठेवलेले होते, आणि माझ्या स्नेह्यांनी ते मोठ्या अभिमानाने मला दाखविले. क्लासमध्ये शिकवितात ती विद्या कोणती? प्रश्नात ‘घर्षणरहित’ हा शब्द दिसला की अमुक सूत्र. ‘कमाल मूल्य’ दिसले की अमुक रीत. विचार करीत बसलास तर मागे पडलास! रंग दिसला, कळ दाब. आमच्या महाराष्ट्राच्या सामाईक प्रवेशपरीक्षेत भौतिक व रसायन या दोन विषयांचे शंभर प्रश्न नव्वद मिनिटांत सोडवावयाचे असतात, म्हणजे प्रश्नामागे चोपन्न सेकंद. चोपन्न सेकंदांत मनुष्य जाणत नसतो, ओळखत असतो. या ओळखण्याच्या सरावासाठी आपण वर्षाकाठी मोठमोठ्या रकमा भरतो, आणि मुलाचा जो भाग डायनासोरच्या रात्रीसारखा एखादा उलटा प्रश्न येताच आदळणार आहे तोच भाग पैसे देऊन घासूनपुसून तयार करवून घेतो. पोटच्या पोराचे यंत्र बनविताना ज्यांना आळस दिसला नाही आणि लबाडीही दिसली नाही, त्यांनी त्या पोराने चार संध्याकाळी खपून एक यंत्र बनविले म्हणून कपाळास हात लावावा, हा न्याय मला तरी समजत नाही.

या दोषातून मी स्वतःस वगळीत नाही. पंचवीसहून अधिक वर्षे मी वर्गात टिपणे सांगत आलो, आणि उत्तरपत्रिकांत माझीच वाक्ये माझ्याकडे परत आली असता त्यांवर खुशाल गुण दिले. एखाद्या उत्तरात माझे वाक्य नसेल तर क्षणभर माझाही पेन अडखळे, हे आज कबूल करावयास हरकत नाही.

यावर सुज्ञ वाचक म्हणतील, ‘ते सारे खरे, पण खेळात यंत्राची मदत घेणे ही फसवणूक नव्हे काय?’ हा आक्षेप वजनदार आहे. माझ्या स्नेह्यांच्या घरापासून नेहरू स्टेडियम हाकेच्या अंतरावर. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी तेथे केनियाच्या संघाने अवघ्या १६६ धावा करून वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळले. माझे स्नेही तो सामना पाहावयास हजर होते, आणि तीस वर्षे होत आली तरी ते वर्णन करताना त्यांचा चेहरा फुलतो. तो आनंद दोन्ही बाजूंस माणसे होती म्हणून आहे. अशा ठिकाणी लपवून यंत्र घुसविणारा चोरच होय. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघाय येथील काउंटर-स्ट्राइकच्या स्पर्धेत एका भारतीय खेळाडूच्या संगणकात नेम धरून देणारा प्रोग्राम सापडला. त्याने त्यास ‘वर्ड’ असे साळसूद नाव दिले होते! संघ बाद झाला, आणि झाला हे योग्यच झाले. परंतु डायनासोरच्या समोर कोण बसले आहे? कोणीच नाही. ना पैज, ना पदक, ना कोणाचा हिरावलेला क्रमांक. मुलाने ते गुण कोणास आपले म्हणून दाखविलेही नाहीत. ज्या खेळात फसावयास दुसरा मनुष्यच नाही, तेथे फसवणूक झाली कोणाची?

दुसरा मनुष्य कोठे असतो ते मी सांगतो. रेल्वेच्या तत्काळ तिकिटांचे आरक्षण वातानुकूलित वर्गासाठी सकाळी दहास आणि बाकीच्यांसाठी अकरास उघडते. त्या मिनिटास हजारो माणसे कळ दाबण्याच्या तयारीत बसलेली असतात, आणि त्यांच्या आधी यंत्राकडून अर्ज भरवून घेणाऱ्या स्क्रिप्टा जागा उचलून नेतात. डिसेंबर २०१७ मध्ये असला एक प्रोग्राम तयार केल्याच्या आरोपावरून सीबीआयला आपल्याच एका सहायक प्रोग्रामरला अटक करावी लागली. आणि जुलै २०२५ पासून रेल्वेने आधारची पडताळणी सक्तीची करून पहिला अर्धा तास एजंटांना दार बंद केले. चिरंजिवांची विद्या आणि ही विद्या कुळाने एकच. मात्र येथे मागे राहिलेला एक मनुष्य आहे, आणि त्याची गाडी गेलेली आहे.

आता पाहा. काही वर्षांपूर्वी याच कुटुंबाची काशीयात्रा ऐन दिवाळीत ठरली तेव्हा ‘आमच्या एजंटाने मिनिटात पाच बर्थ काढून दिले’ हे सौभाग्यवतींनी आल्यागेल्यास कौतुकाने सांगितले होते. मलाही सांगितले होते. तो एजंट सचोटीचाही असेल. पण ते मिनिट त्याने कसे साधले, हा प्रश्न त्या घरात कोणाच्या मनात आला नाही, आणि खरे बोलावयाचे तर ऐकताना माझ्याही आला नाही. मी त्याचा नंबर मागून घेतला होता.

हे सारे मी त्या दिवशी बोललो, अर्थात लेखात आहे त्याहून बरेच सौम्य करून. स्नेह्यांनी विषय बदलून मेट्रोच्या भुयारी स्थानकाकडे नेला. मी मुलास विचारले, “मग रात्रीचे काय केलेस?” तो म्हणाला, “निवडुंगाचा रंग शोधायचाच नाही, काका. आधी आकाशाचा रंग वाचायचा आणि त्याहून जे वेगळं दिसेल त्यावर उडी मारायची.” असे म्हणून तो लॅपटॉप उघडून दाखविणार, इतक्यात आतून हाक आली. साडेपाचचा क्लास होता. मुलाने लॅपटॉप मिटला, अपेक्षित प्रश्नांचा एक संच पिशवीत कोंबला आणि तो जिना उतरून गेला. ती दुरुस्ती चालली की नाही, हे त्या दिवशी पाहावयाचे राहूनच गेले.