रानगवा, गोचीड आणि आपला गोठा

संगमेश्वर, लांजें व राजापूर या बाजूंस रानगवे वाडीच्या कडेपर्यंत उतरतात. त्यांजपासून पिकांची नासाडी होते, ही तक्रार वाजवी आहे. परंतु गोचिडतापाचा आरोपही गव्याच्याच माथीं मारला जातो, तो मात्र तपासून पाहिला पाहिजे. गवा धडधाकट फिरतो आणि गोठ्यांतली गाय मरते, तेव्हां रोग त्यानेंच आणला असला पाहिजे, असा हा तर्क आहे.

गोचिडीच्या दंशावाटे बबेसिया व थायलेरिया हे सूक्ष्म परजीवी रक्तांत शिरतात. भारतांतील चितळ व सांबर यांच्या रक्तांतही थायलेरिया आढळला आहे. तरी तीं जनावरें बहुधा निरोगी दिसतात. गुरांच्या अभ्यासावरून याचें कारण उमगतें. वासराच्या अंगीं आईच्या चिकाची शक्ति असते तेव्हांच त्यास थोडथोडी लागण झाली, तर प्लीहा रोगट पेशी गाळूं लागते, रक्तांत प्रतिद्रव्यें तयार होतात, आणि परजीवी नष्ट न होतां आटोक्यांत राहतो. हा जय नव्हे, तह आहे.

तह मोडतोही. टांझानियांत सन १९९४ व २००१ मध्यें दुष्काळानें रानरेडे खंगले व त्यांजवर गोचीड माजली. ते रेडे खाणाऱ्या सिंहांत बबेसिया बळावला; त्यांतच डिस्टेंपर रोगानें त्यांची प्रतिकारशक्ति खचविली, आणि सिंह मोठ्या संख्येनें मेले. गीरच्या रानांत सन २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत २३ सिंह मेले; तेथेंही हे दोन्ही रोग सांपडले. तात्पर्य, रान उपाशी व आकुंचित झालें कीं तेथील जनावराचें बळही सरतें. म्हणून चांदोली-कोयनेचें रान भरलेलें राखणें हें गव्याच्या व आपल्या, दोघांच्याही हिताचें आहे.

आतां आपल्या गाईकडे वळूं. अमेरिकेंत थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनीं सन १८९३ मध्यें दाखविलें कीं, दक्षिणेकडील गुरें निरोगी दिसत असूनही त्यांच्या गोचिडीमुळें उत्तरेकडील गुरें मरतात. दोष गुरांचा नव्हता. एकास सराव होता, दुसऱ्यास नव्हता. आपली गांवठी कपिला व कर्ज काढून आणलेली संकरित गाय यांत हाच भेद आहे. शिवाय थायलेरिया पसरविणारी गोचीड आपल्या देशांत बहुधा गोठ्याच्या भिंतींच्या फटींतच दडून राहते. तिला गव्याची वाट पाहावी लागत नाहीं.

यास्तव शेतकरी बंधूंस आमचें सांगणें इतकेंच कीं, गोठ्याच्या भेगा लिंपाव्या, संकरित वासरास थायलेरियाची लस देण्याविषयीं पशुवैद्यास विचारावें, आणि कपिलेचें बीज घालवूं नये. पाहणी प्रथम आपल्या गोठ्याची व्हावी, मग रानाची.