खेळाडूची ‘निष्ठा’ आणि मालकांचा बाजार

लखनौच्या के. डी. सिंग ‘बाबू’ स्टेडियमवर २ सप्टेंबर २०२४ रोजी मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या कलकत्त्याच्या दोन जुन्या प्रतिस्पर्ध्यांचा सामना ‘मुख्यमंत्री चषका’च्या नावाने भरविण्यात आला. उत्तर प्रदेशात फुटबॉलला चालना मिळावी हा त्यामागील हेतू असल्याचे सांगण्यात आले. हेतू उत्तमच! परंतु याच लखनौत गुरू गोविंदसिंग स्पोर्ट्स कॉलेज १९७५ पासून उभे आहे. सहावीपासून बारावीपर्यंतची मुले तेथे राहून शिकतात आणि खेळतात, फुटबॉलही खेळतात. बारावीचा निकाल हाती पडल्यावर त्यांपैकी फुटबॉल खेळणारा मुलगा कोठे जातो? चालना देण्याची भाषा करणाऱ्यांना हा साधा प्रश्न पडत नाही.

तो जातो, कारण त्याला जावेच लागते. आणि तो गेला की दोन प्रकारची प्रवचने सुरू होतात. पहिले प्रवचन जुन्या सभ्य गृहस्थांचे: हल्लीचे खेळाडू भाडोत्री झाले, कॉलेजशी, गावाशी त्यांची निष्ठा उरली नाही, चार पैसे जास्त दिसले की संघ बदलतात! दुसरे प्रवचन बाजाराच्या नव्या पुरोहितांचे: खेळाडूला मोकळे सोडा, तो स्वतःची बोली लावील, गुण असतील तर किंमत येईलच. वरवर पाहता ही मते परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः एक सत्य झाकण्याचे काम दोघेही करतात. ते सत्य असे की, खेळाडू हा श्रमिक आहे. त्याचे गुडघे आणि त्याची दहा-बारा उमेदीची वर्षे हेच त्याचे भांडवल. म्हणून या दोन्ही प्रचारांचा समाचार घेणे अगत्याचे आहे.

पहिले स्थलांतर

निष्ठेचा टाहो फोडणाऱ्यांना प्रथम विचारले पाहिजे की, स्थलांतर सुरू कोठून होते? अकरा-बारा वर्षांचे पोर आईबापांना सोडून, गाव सोडून लखनौच्या वसतिगृहात येते, तेव्हाच त्याने आपला पहिला ‘संघ’ बदललेला असतो. त्या वेळी कोणी त्याला कृतघ्न म्हणत नाही. उलट त्याच्या त्यागाचे गोडवे गायिले जातात.

या वाटेने मोठे खेळाडू निर्माण झाले आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. वाराणसीचा मोहम्मद शाहिद लखनौच्या क्रीडा वसतिगृहात घडला, १९८० साली मॉस्को येथे हॉकीचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या संघात खेळला आणि वाराणसीच्या रेल्वे डिझेल इंजिन कारखान्यात त्याला नोकरी मिळाली. हरिद्वारजवळच्या रोशनाबादची वंदना कटारिया लखनौच्याच वसतिगृहात आली, पुढे रेल्वेत लागली आणि एप्रिल २०२५ मध्ये निवृत्त झाली तेव्हा तिच्या नावावर ३२० आंतरराष्ट्रीय सामने होते. मुरादनगरचा सुरेश रैना लखनौच्या स्पोर्ट्स कॉलेजातून निघाला आणि एअर इंडियाच्या आधारावर मुंबईत खेळू लागला.

हॉकी असो वा क्रिकेट, या तिन्ही कथांचा आराखडा एकच आहे. घरापासून वसतिगृह आणि वसतिगृहापासून सार्वजनिक क्षेत्रातील आधार. वसतिगृह जनतेच्या पैशाने चालते; नोकरी देणारी संस्थाही जनतेचीच. खेळाडू एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जात होता, पण मध्ये दरी नव्हती, पूल होता.

आणि निष्ठेविषयी बोलायचेच, तर तेही बोलू. टोकियो ऑलिंपिकमध्ये वंदनाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये असा पराक्रम करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. थोड्याच दिवसांत, ४ ऑगस्ट २०२१ रोजी, भारत उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून हरला आणि तिच्या घरासमोर जातिवाचक शिवीगाळ झाली. ज्या समाजव्यवस्थेत देशासाठी गोल करणाऱ्या मुलीच्या कुटुंबाला ही वागणूक मिळते, त्या व्यवस्थेच्या कैवाऱ्यांनी खेळाडूंना निष्ठेचे धडे द्यावेत काय?

पूल कोणी मोडला?

आता फुटबॉलकडे वळू. १९६० च्या दशकात रेल्वेच्या संघाने संतोष करंडक तीनदा जिंकला होता. मुंबईत मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, महिंद्र, एअर इंडिया यांचे संघ मैदान गाजवीत. गिरणीमालकांनी संघ पोसले ते खेळाच्या प्रेमाने नव्हे, आपल्या कापडाची आणि नावाची जाहिरात व्हावी म्हणून, याविषयी कोणी भ्रमात राहू नये. तरीसुद्धा नोकरीवर घेतलेल्या खेळाडूला हजेरीपटावर जागा असे. बूट खुंटीला टांगल्यावरही पहिल्या तारखेला पगार होई.

तो पूल एकेक फळी काढून मोडण्यात आला. महिंद्र युनायटेडचा संघ २०१० साली विसर्जित झाला. २०११ साली पंजाबातील जे.सी.टी.च्या मालकांनी संघ बंद केला. २०१३ नंतर एअर इंडियाचा संघ आय-लीगमध्ये दिसला नाही आणि जानेवारी २०२२ मध्ये तर खुद्द एअर इंडियाच टाटांच्या स्वाधीन करण्यात आली. गोव्याच्या साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या संघांनी २०१६ साली आय-लीगमधून अंग काढून घेतले. उत्तर प्रदेशाची अवस्था याहून दीन. या राज्याने संतोष करंडक एकदाही जिंकलेला नाही. वाराणसीच्या नावाने ‘इंटर काशी’ हा क्लब २०२३ साली निघाला खरा, परंतु आय-लीगमधील घरचे सामने तो बंगालमधील कल्याणीच्या मैदानावर खेळला! क्लबालाच जेथे घर नाही, तेथे लखनौच्या मुलाने घरी राहावे तरी कसे?

पुलाच्या जागी आता आले आहे एक-दोन हंगामांचे कंत्राट. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे उदाहरण घ्या. पुण्याची क्रीडा प्रबोधिनी, पुणे एफ.सी.ची अकादमी, २०१७ सालच्या १७ वर्षांखालील विश्वचषकातील भारतीय संघ, मग इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा. बाविशीच्या आसपास इतके पत्ते बदलून झाले. आणि हा तर यशस्वी, गुणी खेळाडू! ज्याचा गुडघा विसाव्या वर्षी दुखावला आणि ज्याचे कंत्राट त्याच महिन्यात संपले, त्याचे नाव कोणत्याही वर्तमानपत्रात येत नाही.

बेइमान कोण?

खेळाडूने संघ बदलला की गहजब होतो. मालकांचे वर्तन मात्र तपासले जात नाही. फुटबॉल महासंघाने डिसेंबर २०१० मध्ये देशातील फुटबॉलचे व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी खाजगी भांडवलाच्या हाती दिले. करार संपत आला, नव्या कराराचा सौदा जमेना, तेव्हा जुलै २०२५ मध्ये संयोजकांनी इंडियन सुपर लीगचा हंगामच स्थगित ठेवला. पुढच्याच महिन्यात बंगळूरू आणि चेन्नईच्या क्लबांनी पगार थांबविल्याचे जाहीर केले. सही केलेले कंत्राट खेळाडूच्या हातात, आणि पगार मात्र बंद! याला बेइमानी कोणी म्हटले नाही. याला ‘व्यावसायिक अनिश्चितता’ असे गोंडस नाव मिळाले.

लखनौचेच दुसरे उदाहरण पाहा. ऑक्टोबर २०२१ मध्ये एका उद्योगसमूहाने लखनौच्या नावाचा क्रिकेट संघ ७,०९० कोटी रुपयांना घेतला. मोहन बागानच्या फुटबॉल संघातही याच समूहाचे वर्चस्व आहे. १८८९ साली स्थापन झालेल्या आणि १९११ साली गोऱ्या पलटणीच्या संघाला हरविणाऱ्या त्या क्लबाच्या नावाला २०२३ साली मालकाच्या क्रिकेट संघाचे शेपूट जोडण्यात आले. परंपरेच्या कपाळावर मालकाने आपला शिक्का मारला तर ती गुंतवणूक. खेळाडूने सदरा बदलला तर तो द्रोह!

‘मोकळीक’ आणि तिची किंमत

आता बाजाराच्या पुरोहितांकडे वळू. त्यांचे आदर्श राष्ट्र अमेरिका. तेथील विद्यापीठीय फुटबॉल, हा आपला फुटबॉल नव्हे, हातात चेंडू घेऊन धावण्याचा खेळ आहे, अफाट पैसा मिळवितो. दीर्घकाळ खेळाडूंना शिष्यवृत्तीवर राबविले गेले आणि विद्यापीठ बदलणाऱ्याला सहसा एक वर्ष बाहेर बसविले गेले. २०१८ साली स्थलांतरितांची सामाईक नोंदवही उघडली. २०२१ साली एकदा बाहेर न बसता जाण्याची, तर २०२४ साली अभ्यासाची अट पाळून हवे तितक्या वेळा जाण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठ आपल्या खेळाडूंना पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटू शकते.

हे हक्क मिळाले याचा आनंदच आहे. बाहेर बसविण्याची शिक्षा ही वेठबिगारीच होती. परंतु नोंदवहीत नाव घातले की जुने विद्यापीठ शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवण्यास बांधील राहत नाही, आणि नवे विद्यापीठ प्रत्येकाला मिळतेच असे नाही. मूठभरांना कोट्यवधी, उरलेल्यांना रस्ता. मार्क्सने दाखवून दिले होते की भांडवलशाहीतील कामगार दुहेरी अर्थाने मोकळा असतो: श्रम विकण्यास मोकळा आणि जगण्याच्या साधनांपासूनही मोकळा. या खेळाडूची मोकळीक नेमकी तीच आहे.

म्हणूनच ‘कामगार’ हा शब्द उच्चारला की तीच विद्यापीठे बिथरतात. २०१४ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंनी युनियनचा हक्क मागितला. २०१५ साली राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने त्या प्रकरणात हात घालण्यासच नकार दिला. मार्च २०२४ मध्ये डार्टमथच्या बास्केटबॉलपटूंनी १३ विरुद्ध २ मतांनी युनियन स्वीकारली. विद्यापीठ वाटाघाटीस बसले नाही आणि वर्षअखेर अर्ज मागे घ्यावा लागला.

युरोपचा अनुभवही हेच शिकवितो. बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमनने १९९५ साली न्यायालयात लढा जिंकला. कंत्राट संपलेल्या खेळाडूला मोबदल्याविना दुसरीकडे जाता येऊ लागले. बड्या खेळाडूंनी त्यातून संपत्ती कमाविली. स्वतः बोसमनच्या वाट्याला मात्र हलाखी आली. याउलट इंग्लंडमध्ये १९६१ साली खेळाडूंच्या युनियनने संपाचा इशारा दिला आणि आठवड्याला वीस पौंडांची वेतनमर्यादा सर्वांसाठीच मोडून पडली. एकट्याचा विजय आणि एकजुटीचा विजय यांतील फरक याहून स्पष्ट कोणता असेल?

काय मागितले पाहिजे?

जाण्याचा हक्क नि:संदिग्धपणे मान्य झाला पाहिजे. ना-हरकत दाखला किंवा शाळेची कागदपत्रे अडकवून कोणाही खेळाडूची अडवणूक होता कामा नये. परंतु जाण्याच्या हक्काला जगण्याच्या हमीची जोड नसेल, तर तो हक्क कागदावरच राहील. यासाठी वसतिगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या पदवीपर्यंतच्या शिक्षणाचा भार सरकारने उचलावा. रेल्वे, पोलीस, बँका आणि सार्वजनिक उद्योगांतील खेळाडूंसाठीच्या जागा कायम स्वरूपात भराव्यात. कंत्राट खेळाडूला वाचता येईल अशा भाषेत असावे. दुखापतीच्या काळात वेतन, विमा आणि भविष्यनिर्वाह निधी मिळावा. आणि २००६ साली स्थापन झालेली फुटबॉलपटूंची संघटना नामांकितांपुरती न राहता खालच्या लीगमधील आणि वसतिगृहातील खेळाडूपर्यंत पोहोचावी.

रेल्वेत, बँकांत, विमा कचेऱ्यांत काम करणाऱ्या साथींवर येथे विशेष जबाबदारी येते. आपल्याच कार्यालयातील खेळाडूंच्या रिक्त जागा हा युनियनच्या मागणीपत्रकातील विषय आहे, शोभेचा नव्हे. लखनौच्या मैदानावर आज सराव करणारा मुलगा उद्या जाणारच आहे. तो कोठे जातो याची उठाठेव करण्यापेक्षा, जेथे जाईल तेथे त्याला मजूर म्हणून हक्क आणि माणूस म्हणून आधार मिळतो की नाही, हे पाहणे आपले काम आहे. निष्ठेचा हिशेब खेळाडूकडे मागण्याआधी तो मालकांकडे आणि सरकारकडे मागितला पाहिजे!